सल्ल्याला एक चमचा कोयनेल

डॉक्टरांचा उजवा गुडघा वाकत नसे. त्यामुळे ते जमिनीवर बसले की तो पाय सरळ पुढे यायचा, आणि पायातला लष्करी बूट आम्हा सगळ्यांच्या मधोमध उभा राहायचा. बाकीच्यांनी चपला बाहेर काढायच्या असा त्यांचाच नियम होता. पण त्या न वाकणाऱ्या पायातला बूट उपसायला दोन माणसं लागत, म्हणून बुटाला माफी होती. ज्याला दुसऱ्याच्या तोंडाकडे बघून बोलायला लाज वाटे तो बुटाकडे बघून बोलायचा. मी माझ्या आयुष्यातलं पहिलं खरं वाक्य त्या बुटाला सांगितलं आहे. एवढ्या वर्षांत माणसं पुष्कळ भेटली, पण त्या बुटाइतकं शांतपणे कुणी ऐकलं नाही.

डॉक्टर नंदुरबारचे नव्हेत. लष्करात होते, पहिल्या महायुद्धात इराकात बसऱ्याकडे कुठेतरी गेले होते, गुडघा आणि डावा कान तिकडेच ठेवून आले, असं लोक सांगत. ते स्वतः काही सांगत नसत. स्टेशनरस्त्याला त्यांचा दवाखाना होता. खोकला, खरूज, पोटदुखी घेऊन येणाऱ्यांना ते रोज बघत. पण ज्याचं दुखणं नाडीत नाही, जिभेवर नाही, आणि तरी माणूस वाळत चाललाय, त्याला ते म्हणत, “बुधवारी चारला या. तुमचं औषध इतरांबरोबर आहे.”

बुधवारी चार वाजता मागच्या ओसरीवर एक मोठं जाजम अंथरलेलं असे. त्यावर सगळ्यांनी गोल बसायचं आणि आपापलं दुखणं सगळ्यांदेखत बोलायचं. एवढंच औषध. गावाला त्याचं फार हसू यायचं. डॉक्टरांना नावच पडलं होतं, ‘बसाड्या डागदर’, म्हणजे गोळी ना सुई, नुसता बसवणारा. काही बडी माणसं येत, एकाच जाजमावर कोण कोण बसलंय ते बघत आणि उंबऱ्यावरूनच परत फिरत. डॉक्टर त्यांना थांबवत नसत. “त्यांचं दुखणं अजून पिकलेलं नाही,” एवढंच म्हणत.

माझं दुखणं होतं उचकी.

आता उचकीला कुणी दुखणं म्हणेल का? पण मला पंधरावं वर्ष होतं, मी सातवीत होते, आणि मला पाहायला तापीपलीकडचे पाहुणे आले त्या दिवशी लागलेली उचकी दोन दिवस थांबली नाही. पुढे तर लग्नाचा विषय निघाला की लागायची. आमच्या कोरीट गावात उचकीचं कारण एकच, कुणीतरी आठवण काढतंय. त्या माणसाचं नाव घेतलं की उचकी थांबते. माझी आत्या समोर बसून नावं घ्यायला लागली. आधी नात्यातली, मग गावातली, मग शेजारच्या धानोऱ्याची, मग मेलेली. शेवटी तिने दोन बैलांचीही नावं घेतली. उचकी चालूच. मोरपिसाची राख मधातून चाटवली, पाठीत धपाटे घातले, भगताकडून लिंबू उतरवून आणलं. नवऱ्या मुलाचे वडील मात्र खूश. म्हणाले, “आम्हना पोऱ्या आठवण काढी ऱ्हायना व्हई.” त्या पोऱ्याला मी धड पाहिलंही नव्हतं. त्याच्या दोन विहिरी आहेत एवढं ऐकलं होतं, कारण घरात सगळे विहिरींविषयीच बोलत.

पोरगा वाईट नव्हता हो. वाईट असता तर बरं झालं असतं, काहीतरी बोलता आलं असतं. मला फक्त चैत्रातली फायनल द्यायची होती. सातवीची फायनल पास झालं की मास्तरीण होता येत होतं, आणि मला मास्तरीण व्हायचं होतं. पण साखरपुडा दिवाळीनंतर ठरला होता, आणि हे आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सांगायची घरात कुणाची छाती नव्हती. माझी तर नव्हतीच.

आबा गावचे पाटील. सल्ला हा त्यांचा हातखंडा. कुणाची मोट कुठे बसवावी, कुणाच्या सुनेनं किती तिखट घालावं, सगळं ते सांगत. प्रत्येक वाक्याची सुरुवात एकच, “मी काय सांगस…” आणि मग समोरच्याने बसायला जागा शोधावी. अर्ध्या तालुक्याला त्यांनी सल्ला दिला होता. उरलेला अर्धा तालुका त्यांना दुरून बघूनच वाट बदलायचा.

तेच मला गाडीत घालून डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी आपला उजवा कान माझ्याकडे केला आणि विचारलं, “लागते कधी?”

“पाहुण्यांचं नाव निघालं की.”

“थांबते कधी?”

“शाळेत.”

त्यांनी नळी गुंडाळून खिशात टाकली आणि आबांना म्हणाले, “बुधवारी आणा.”

त्या पहिल्या बुधवारी आबा बाहेर लिंबाखाली बैलांजवळ बसले. त्यांना वाटलं आत काहीतरी औषध उकळतात.

आत चार-पाच माणसं होती. एक सुपडूभाऊ, कापसाच्या जिनिंगमधला इंजिनवाला. हंगामात इंजिनाच्या धडधडीत तो गाढ झोपायचा, पण पावसाळ्यात जिन बंद झालं की शांततेत त्याचा डोळा लागेना. बायकोला उठवून डबा वाजवायला लावायचा. बायकोनं त्याला इथं पाठवलं होतं. दुसरे दाविदभाऊ, नवापूरकडच्या डोंगरातले ख्रिस्ती शेतकरी. दर बुधवारी आगगाडीने येत. त्यांचं दुखणं ऐकून मी पदरात तोंड लपवलं होतं. त्यांना मयतीत हसू यायचं. थोरला भाऊ गेला तेव्हापासून. गावाने त्यांना मयतीला बोलावणंच सोडलं होतं. आणि तिसरी भिकामाय. तिच्या पोटात सरडा होता. मुलगा सुरतेला गिरणीत गेला आणि त्याचं पत्र येईना, तेव्हापासून तो सरडा तिच्या पोटात फिरत होता.

बैठकीचे नियम तीन. पहिला, चपलांबरोबर शाळेतलं मराठीही बाहेर ठेवायचं. मी मोठ्या ऐटीत “माझी प्रकृती अस्वस्थ असते” असं सुरू केलं, तर डॉक्टर म्हणाले, “हे पुस्तकाला होतंय. तुला काय होतं?” घरी जशी बोलतेस तशी बोल, म्हणाले. डॉक्टर स्वतः मात्र शहरी मराठीच बोलत. भिकामायने एकदा त्यांना तसं विचारलं, तर म्हणाले, “मी कुठं बोलायला बसलोय?”

दुसरा नियम, रडणाऱ्याला गप्प करायचं नाही आणि हसणाऱ्यालाही नाही.

आणि तिसरा नियम, ज्यामुळे डॉक्टरांचं नाव पार शहाद्यापर्यंत गेलं. सल्ला द्यायचा नाही. दिला तर एक चमचा कोयनेल प्यायचं. हिवतापाचं ते औषध त्यांच्यापाशी पातळ करून बाटलीत भरलेलं असे. पातळ केलं तरी त्याचा कडूपणा कमी होत नाही, मी तीन वेळा प्यायले आहे. “अडलेली गाडी सहा जण ढकलतात तेव्हा निघते,” डॉक्टर म्हणत. “सहा जण कशी ढकलावी ते सांगत बसले की गाडी तिथंच राहते.”

आता आमच्या लोकांना सल्ला दिल्याशिवाय कसं जमणार? खानदेशात पाणी मागितलं तरी माणूस आधी कसं प्यावं ते सांगतो. सुपडूभाऊने आपलं दुखणं सांगितलं की भिकामाय लगेच म्हणायची, “उशालगत जातं ठेव आणि…” पुढचं ऐकायच्या आत डॉक्टरांनी चमचा भरलेला असे. ती निमूट प्यायची, तोंड पुसायची आणि दाविदभाऊंकडे वळायची. इतकं कोयनेल तिच्या अंगात गेलं होतं की तिला डास चावत नसत. मग लोकांनी पळवाटा काढल्या. म्हणी सांगायला लागले. डॉक्टरांनी विचार करून म्हणीला अर्धा चमचा ठरवला. मग कुणी “आमच्या गावात एक माणूस होता, त्याने काय केलं…” असं सुरू करायचा. त्याला दोन चमचे. आणि कुणी फारच गोल गोल बोलायला लागला की डॉक्टर हळूच मान वळवून आपला डावा, म्हणजे बहिरा कान त्याच्याकडे करत. कोयनेल परवडलं, पण तो कान नको वाटायचा.

एक मात्र खरं. सल्ला बंद झाल्यावर माणसाला ऐकण्याशिवाय दुसरं काही करता येईना. एका बुधवारी दाविदभाऊ भावाच्या मयतीचं सांगत होते. सांगता सांगता त्यांना हसू फुटलं. म्हणाले, “रडूच निंघस हो, पण वाटमां चुकी जास.” आम्ही कुणी काही बोललो नाही. ते हसत राहिले आणि भिकामाय त्यांच्या वतीने रडायला लागली, चांगली पदर ओला होईस्तोवर. तिच्याकडे बघता बघता दाविदभाऊंचं हसू कुठे रडं झालं ते कळलं नाही. डॉक्टर बुटाकडे बघत होते.

भाद्रपद लागला आणि सगळा घोटाळा झाला. त्या साली घरोघरी हिवताप. तेव्हा कोयनेलच्या पुड्या पोस्टात विकत मिळत, त्या संपल्या होत्या. आणि कुणीतरी गावात बातमी पसरवली की बसाड्या डागदरकडे बुधवारी सल्ला दिला की कोयनेल लगेच मिळतं, ताटकळायला नको. झालं. त्या बुधवारी ओसरीवर पन्नास माणसं, सगळी घोंगड्यात गुंडाळलेली, दात कडकड वाजतायत. सुपडूभाऊने “माले झोप” एवढं म्हणायचा अवकाश, चारी बाजूंनी सल्ले. “डोकाले तेल लाव.” “ताक पी.” “बायकोले माहेर धाडी दे.” सल्ला दिला की माणूस पुढे सरकून तोंड उघडायचा. एकाने तर माझ्याकडे बघून सल्ला दिला, “पोरी, उचकी लागनी तर नाव घे,” आणि वर डॉक्टरांना म्हणाला, “माझ्या आईचाही सल्ला मीच देतो, तिला चालवत नाही, तिचा चमचा वाटीत द्या.”

डॉक्टर लाल झाले. पण दिलं सगळ्यांना. पुढच्या बुधवारी म्हणाले, “महिनाभर सल्ल्याला एरंडेल.” त्या दिवशी पन्नासातले पाच-सहा उरले. ताप आलेल्यांना त्यांनी मग सकाळीच कोयनेल द्यायला सुरुवात केली, सल्ला न घेता.

पण त्या पन्नासांत आबाही होते. लिंबाखाली बसल्या बसल्या त्यांना थंडी भरली, आत कोयनेल वाटतायत हे कळलं, आणि ते घोंगडीसकट आत येऊन बसले. म्हणाले, “मी काय सांगस…” आणि एका दमात सहा जणांना सहा सल्ले. बाकीचे एरंडेलाचं नाव ऐकून गेले. आबा राहिले. कारण आबांना आयुष्यात पहिल्यांदा अशी जागा सापडली होती जिथे माणसं गोल बसलेली आहेत, अडचणीत आहेत आणि उठून जात नाहीत. दसऱ्यानंतर पुन्हा कोयनेल सुरू झालं आणि आबा दर बुधवारी चार-चार, पाच-पाच चमचे रिचवायला लागले. भिकामायचा पहिला नंबर गेला, ती त्यांच्यावर रुसली.

आणि मी? आबा आत आले आणि मी बोलायचीच बंद झाले. आधी मी निदान बुटाला थोडं थोडं सांगत होते. आता उचकी तेवढी द्यायची. साखरपुड्याला आठ दिवस राहिले तेव्हा मी डॉक्टरांना एकटं गाठलं आणि म्हटलं, “तुम्हीच सांगा ना आबांना. तुमचं ऐकतील.”

“ऐकतील,” ते म्हणाले. “मग पुढच्या वेळी कोण सांगेल?”

मला इतका संताप आला त्यांचा. माझ्या आयुष्याचं मातेरं व्हायला आठ दिवस, आणि हे बाटलीला बूच लावतायत. मी ओसरीच्या पायऱ्या उतरताना बाहेर त्यांचा दुसरा, रिकामा बूट ठेवलेला होता, त्याला लाथ मारली.

साखरपुड्याआधीचा शेवटचा बुधवार. आबा जोरात होते. सुपडूभाऊला दोन सल्ले, दाविदभाऊंना दोन, भिकामायला तीन. घरी तापासाठी कोयनेलच्याच गोळ्या चालू होत्या, त्यात हे सात चमचे. कोयनेल जास्त झालं की कानात भुंगे गुणगुणतात, ऐकू कमी येतं. आबा कान चोळायला लागले. डॉक्टरांनी बाटली बाजूला ठेवली, म्हणाले, “पाटील, आज तुमचं पुरे.” मग माझ्याकडे उजवा कान केला.

उचकी चालू होतीच. मला वाटलं, आता नाही तर कधीच नाही, आणि आबांना तसंही धड ऐकू येत नाहीये. मी बुटाकडे बघून हळूच म्हटलं, “माले लगीन नही करनं. माले फायनल देवानी शे.”

आबा भिकामायला म्हणाले, “काय म्हनस ती?”

भिकामायने तोंड उघडलं, तेवढ्यात डॉक्टर म्हणाले, “तिचं तिला सांगू दे.”

मी पुन्हा म्हटलं, जरा मोठ्यानं. आबा कानामागे हात धरून पुढे वाकले. “जोरमां बोल ना, पोरी.”

मग मी बुटाकडे बघणं सोडलं. आबांकडे बघितलं आणि ओरडले. एवढ्यानं ओरडले की बाहेर लिंबाखालचे बैल उभे राहिले आणि स्टेशनरस्त्याने जाणारा टांगेवाला थांबला. “माले लगीन नही करनं, आबा. माले फायनल देवानी शे. माले मास्तरीण व्हनं शे.”

ऐकू आलं. आबांना, सुपडूभाऊला, टांगेवाल्याला, बहुतेक तापीपलीकडेही. आणि उचकी थांबली होती. मला ते मागाहून कळलं, कारण भिकामायने माझ्या पाठीवर हात ठेवला होता आणि ती कुजबुजली, “थांबनी.”

भिकामायला राहवेना. ती म्हणाली, “पाटील, शिकाडा पोरले.” म्हणाली आणि स्वतःच हात पुढे केला. डॉक्टरांनी चमचा भरून दिला. मग सुपडूभाऊ म्हणाला, “परीक्षा दिऊ द्या,” आणि त्यानेही तोंड उघडलं. दाविदभाऊंना ते कडू मुळीच सोसत नसे. आजवर त्यांनी एकही सल्ला दिला नव्हता. ते म्हणाले, “विहिरी पळी जातीस नही, पाटील. पोर मोठी व्हवू द्या,” आणि डोळे मिटून चमचा प्यायले.

मग डॉक्टरांनी बाटली आपल्याकडे ओढली. इतक्या बुधवारांत त्यांनी कधी कुणाला सल्ला दिलेला मी ऐकला नव्हता. आधी ते दोन चमचे भरून स्वतः प्यायले. तोंड वाकडं झालं. मग आबांच्या कानाजवळ तोंड नेऊन ठणठणीत आवाजात म्हणाले, “पाटील, पोरीला परीक्षा देऊ द्या.”

आबांनी सगळ्यांकडे एकेक करून बघितलं. म्हणाले, “मी काय सांगस…” डॉक्टरांचा हात सवयीने बाटलीकडे गेला. पण पुढे काही आलंच नाही. आबा उठले, घोंगडी उचलली आणि गाडी जुंपायला गेले.

कोरीटच्या वाटेवर ते बराच वेळ बैलांशीच बोलत होते. मला रडू येत होतं, पण मी आवरलं. नाल्याच्या उतारावर त्यांनी मागे न बघता विचारलं, “गई का उचकी?”

“गई.”

नाला ओलांडला. चढ आला. “परीक्षा कव्हय शे?”

“चैत्रात,” मी म्हटलं. मग आठवलं, त्यांना ऐकू कमी येतंय, आणि पुन्हा मोठ्यानं सांगितलं.

“ऐकू उनं,” आबा म्हणाले. जरा वेळाने म्हणाले, “मी काय सांगस, पहाटे उठी वाचत जा. ध्यानमां ऱ्हास.” माझ्यापाशी चमचा नव्हता, म्हणून मी तो सल्ला तसाच घेतला.

तापीपलीकडे ते स्वतः जाऊन आले. लग्न कसं मोडलं विचारलं तर सांगेनात. बरोबर गेलेल्या काकांनी सांगितलं की आबांनी व्याह्यांना सकाळपासून दुपारपर्यंत शेतीचे, सोयरिकीचे, विहिरी साफ करण्याचे इतके सल्ले दिले की शेवटी व्याह्यांनीच हात जोडले.

फायनल पास झाले. ट्रेनिंगला निघायच्या आदल्या दिवशी मी डॉक्टरांना भेटायला गेले. बुधवार नव्हता. ओसरीवर जाजम गुंडाळून ठेवलेलं होतं आणि डॉक्टर एकटेच भिंतीला टेकून, पाय पुढे करून बसले होते. भिकामायच्या मुलाचं पत्र आल्याचं त्यांनी सांगितलं. सरडा गेला, पण ती बुधवारी येतेच, म्हणाले. त्या रिकाम्या ओसरीवर ते मला पहिल्यांदाच फार म्हातारे वाटले. इतक्या माणसांचं ऐकलं त्यांनी. बसऱ्याला काय झालं होतं, घरी कोण होतं, कोण गेलं, आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि आम्ही कधी विचारलंही नव्हतं. मला आमचीच लाज वाटली.

मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले आणि बुटाकडे बघून म्हटलं, “डॉक्टर, एका बुधवारी तुम्हीबी बोला.”

त्यांनी हात लांब करून बाटली घेतली, चमचा काठोकाठ भरला आणि माझ्यापुढे धरला. नियम म्हणजे नियम. मी प्यायले. डोळ्यांत पाणी आलं ते पुसून वर बघितलं, तर डॉक्टरांनी मान वळवलेली होती, आणि माझ्याकडे उजवा, ऐकणारा कान होता.